निंबधऱ्याचे शुद्धिनियोजन

धर्माच्या दहा लक्षणांत शौचाची गणना फार प्राचीन काळापासून झालेली आहे. आणि ते शौच दुसऱ्याच्या देहाकडून पाळून घेतले असता अधिक काळ टिकते व स्वतःस त्याचे श्रम पडत नाहीत, हे सत्यही तितकेच प्राचीन असावे. कळंब तालुक्यातील निंबधरा या गावाने गेल्या चैत्रात या सत्यास वैद्यकशास्त्राची जोड दिली. थोर कार्ये नोंदीवाचून विस्मृतीत जातात, म्हणून हा प्रपंच.

निंबधऱ्यास हनुमंताच्या देवळापुढे दरवर्षी भागवत सप्ताह होतो. सात दिवस कथा, शेवटी काला, आणि सातही दिवस दुपारी पंगत. पंगतीस रोज सहाशे पाने उठतात (काल्यास चौदाशे, त्यांपैकी कथा ऐकलेली अदमासे नव्वद). पोळ्या गावातील तेवीस सुना लाटतात. पोळीऐवजी पुरी का करू नये, अशी सूचना एकदा आली होती. परंतु पुरीस तेल लागते आणि पोळीस केवळ सुना लागतात, हे ध्यानात आल्यावर सूचना करणाऱ्याने ती आपण होऊन मागे घेतली.

असे सर्व सुरळीत चालले असता त्या चैत्राच्या आदल्या वर्षी पाचव्या दिवशी अनर्थ ओढवला. तेविसांपैकी चौघी एकाच सकाळी 'बाहेर' झाल्या आणि रिवाजाप्रमाणे स्वयंपाकाच्या मांडवातून उठून घरी गेल्या. पोळ्या कमी पडल्या. कथाकार महाराजांना भात पुढ्यात घेऊन चाळीस मिनिटे बसावे लागले, आणि त्या दिवशीच्या कथेत वैराग्याचा भाग नेहमीपेक्षा बराच कठोर झाला, असे जाणकार सांगतात.

सप्ताह समितीने चौकशी आरंभली. समितीत अकरा पुरुष आहेत. (स्त्रियांना घेण्यास कोणाचीच हरकत नव्हती, परंतु सभा देवळाच्या आत भरते, आणि कोणत्या सभेस कोणती सभासद आत येऊ शकेल हे आधी सांगता येत नसल्याने गणसंख्येचा पेच पडला असता.) चौकशीअंती असे निष्पन्न झाले की दोष त्या चौघींचा नसून पंचांगाचा आहे. तेव्हा सचिव उकंडराव गुरुजी, जे अडतीस वर्षे अध्यापन करून निवृत्त झाले असून तक्ते आखण्यात ज्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नाही, त्यांनी तेवीस सुनांच्या तारखांचा तक्ता करावयास घेतला. माहिती अर्थातच त्यांच्या पतींकडून मागविली. तिघांनी तारीख सांगितली, अकरा जणांनी 'एक तारखेच्या आसपास असन' असे सांगितले, उरलेले रागावले. तक्ता तरीही चार रंगांत तयार झाला आणि सभामंडपात, देवाकडे पाठ करून, लावण्यात आला.

तक्त्याने प्रश्न स्पष्ट झाला, सुटला मात्र नाही. तो सोडविण्याचे श्रेय अध्यक्ष किसनरावांना जाते. त्यांच्या ऐकण्यात आले होते की सरकार बायकांना फुकट गोळ्या देते आणि त्या गोळ्यांनी 'ते' पुढे ढकलता येते. गोळ्या कोठे मिळतात, हे त्यांनी गावच्या आशा कार्यकर्त्या विमलताई यांना विचारले. आणि ज्या गोष्टीसाठी विमलताई अकरा वर्षे त्याच घरांचे उंबरे झिजवीत होत्या व दारातूनच परत फिरविल्या जात होत्या, ती गोष्ट त्यांना देवळाच्या ओसरीवर आदराने बोलावून मागण्यात आली.

"विमलताई, तेवीस पाकिटं पाह्यजेत," किसनराव म्हणाले.

विमलताईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊजी, गोयी वाईट नाई. लय जनीले ती मानवते. पन जिले घ्याची हाय तिले आधी इचारा लागते, तिचा बीपी पाहा लागते."

"मंग इचारू ना. फॉर्म हाय ना तुमच्यापाशी?"

फॉर्म होता. त्यावर बारा प्रश्न होते, आणि ते कोणास विचारावयाचे याविषयी छापणाऱ्याने काही लिहिले नव्हते. कारण ते लिहावे लागेल असे त्याच्या मनात आले नसावे. प्रश्न वाचले असता कोणासही कळावे की हे औषध दोन द्रव्यांचे मिळून झालेले आहे, बहुतेक स्त्रियांस ते निर्धोक आहे, आणि थोड्या स्त्रियांस ते मुळीच देऊ नये. त्या थोड्या कोणत्या, एवढेच शोधण्यासाठी तो कागद आहे. समितीने तो कागद फार मनावर घेतला. शनिवारी सायंकाळी आरतीनंतर तेवीस पती सभामंडपात रांगेने बसविण्यात आले (जिचा पती परगावी होता त्या एकीचा सासरा), आणि गुरुजींनी घसा साफ करून प्रश्नावली वाचावयास घेतली.

'बाळास अंगावर पाजता काय?' या प्रश्नास तेवीसही जणांनी 'नाही' म्हटले. दोघांच्या आवाजात दुखावल्याचा भाव होता. 'वय पस्तीसच्या वर असून विडी ओढता काय?' यास नऊ जणांनी प्रांजळपणे हात वर केले. प्रश्न पत्नीविषयी आहे असे सांगताच ते खाली घेतले. पोटरीत रक्ताची गाठ झाली होती काय, कावीळ झाली होती काय, छातीत दुखते काय, या प्रश्नांना उत्तरे चटकन आली, कारण ती कोणालाच ठाऊक नव्हती. स्तनातील गाठीच्या प्रश्नावर सभागृहातील सर्वांची दृष्टी हनुमंताकडे वळली. गुरुजींनी पुढील पान उलटले आणि तेवीस फॉर्मांवर 'लागू नाही' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले.

राहिला रक्तदाब. सुना त्या वेळी घरोघर स्वयंपाकात होत्या, यंत्र मात्र देवळात आलेले होते. येथे गुरुजींचे व्युत्पन्नत्व कामास आले. पत्नी ही पतीची अर्धांगी आहे, हे सर्वमान्य आहे. एका देहाच्या दोन अर्धांत दाब निरनिराळा असू शकत नाही, हे पदार्थविज्ञानासही मान्य व्हावे. सबब पतीचा दाब हाच पत्नीचा. बावीस दंडांवर पट्टा चढला आणि बावीस आकडे निघाले. तेविसाव्या क्रमांकावर अध्यक्ष किसनराव स्वतः बसले होते, कारण त्यांचा मुलगा वणीकडे कोळशाच्या खाणीवर कामास असतो. त्यांचा दाब एकशे सत्तर निघाला. सासरा हा अर्धांग नव्हे, असा निर्णय तात्काळ होऊन त्यांच्या सुनेच्या फॉर्मावर उरलेल्या बावीस पतींची सरासरी लिहिण्यात आली. विमलताईंनी आपल्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने 'हा नवऱ्याचा' असे लिहिले आणि वही पिशवीत घातली.

त्या सुनेचे नाव कोकिळा. वय तीस, एक मुलगी. विमलताईंना ती ठाऊक होती, आणि त्यांचे सारे लक्ष सायंकाळभर दहाव्या प्रश्नाकडे लागले होते. 'डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक, नागमोडी रेषा किंवा अंधारी येते काय?' कोकिळेस येत असे. महिन्यातून दोनदा तिच्या उजव्या डोळ्यापुढे करवतीच्या दात्यांसारखा उजेड थरथरू लागे, वीस मिनिटे थरथरे, मग डोक्याची डावी बाजू फुटावयास लागे. अशा डोकेदुखीच्या बाईस ही गोळी देऊ नये, हे विमलताईंना प्रशिक्षणात तीन वेळा शिकविले होते.

दहाव्या प्रश्नास किसनरावांनी 'नाही' म्हटले.

विमलताई उठून उभ्या राहिल्या. देवळात त्या एकट्याच स्त्री होत्या, त्याही पायरीवर. "भाऊजी, तिले येते तो उजेड. म्या पाह्यलं हाय तिले तशी बसलेली. ही गोयी तिले चालत नाई. डोक्याच्या नसीत गाठ बसली तं लकवा मारन. तीस वर्साची पोर हाय ते."

"डोकं कोनाचं दुखत नाई, विमलताई? माह्यं दुखून राह्यलं आता."

"तिले एकटीले सोडा. लाटू द्या पोया, गोयी नका देऊ. नाई तं आठ रोज माहेरी धाडा."

किसनरावांनी दोन्ही पर्यायांचा विचार केला. ते उतावीळ गृहस्थ नव्हेत. गोळी न घेणारी सून मांडवात बसली तर नियम मोडतो. अध्यक्षांची सून सप्ताहात माहेरी गेली तर घरात भांडण आहे असा बोभाटा होतो. "अध्यक्षाच्याच घरून सूट मागतली," ते शेवटी म्हणाले, "तं बाकीच्या बावीस घरायले कोन्या तोंडानं सांगू?" निःपक्षपातीपणाचे इतके निखळ उदाहरण सभेने पाहिले नव्हते. इतिवृत्तात नोंद झाली: 'एका भगिनीस किरकोळ शिरोवेदना. अध्यक्षांनी स्वतःच्या कुटुंबास सवलत नाकारली. टाळ्या.'

आता कार्यक्रमाचा कणा असलेल्या निर्णयाकडे वळू. सरकारी पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात: एकवीस पांढऱ्या आणि सात तांबड्या. गुरुजींनी पाकीट उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. सप्ताह सात दिवसांचा, तांबड्या गोळ्या सात. सृष्टीत योगायोग नसतो. पांढरा वर्ण सत्त्वाचा, म्हणून एकवीस दिवस पूर्वतयारीचे. तांबडा शक्तीचा, म्हणून तो प्रत्यक्ष कार्याच्या सात दिवसांसाठी. सरकारने ही योजना भागवत सप्ताह नजरेसमोर ठेवूनच केली असावी, असे मत त्यांनी मांडले, आणि सरकारविषयी इतके चांगले मत त्या देवळात प्रथमच ऐकू आले.

विमलताई पुन्हा उठल्या. "गुरुजी, त्या तांबड्या लोहाच्या हायत. त्यात दुसरं काईच नाई. पांढऱ्या संपल्या का दोन-तीन रोजात महिन्याची पायी येते, तिच्यासाठीच ते सात दिवस सोडले हायत. थांबवाची असन तं तांबड्या बाजूले ठेवून पांढऱ्याचं दुसरं पाकीट लावा लागते."

"ताई," गुरुजी मंद हसून म्हणाले, "सात म्हणजे सात. गणित मला शिकवू नका."

इतिवृत्त: 'आशाताईंनी विषयांतर केले.'

याप्रमाणे सप्ताहाच्या बरोबर एकवीस दिवस आधी, एकाच सायंकाळी, तेवीस सुनांची पहिली गोळी ठरली. पाकिटे सुनांच्या हाती देणे जोखमीचे, म्हणून ती देवाच्या चांदीच्या मुकुटाशेजारी कपाटात कुलूपबंद झाली. रोज आरतीनंतर प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषास अंगाऱ्यासोबत कागदाच्या पुडीत एक गोळी मिळावयाची होती. ती पोटात गेली याची साक्ष कोणी द्यावी, यावर दोन सभा झाल्या. पुरुषाने सुनेच्या तोंडात डोकावणे शिष्टसंमत नाही. तेव्हा साक्षीचा मान सासूस देण्यात आला. सासूने रोज साक्षीपत्रकावर सही वा अंगठा करावा आणि पत्रक सकाळी काकड्याच्या वेळी जमा व्हावे, असे ठरले. दरम्यान आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत, निंबधऱ्यात गोळी घेणाऱ्या स्त्रियांची संख्या सहावरून एकोणतीस झाली म्हणून विमलताईंचा नारळ देऊन सत्कार झाला. त्यांनी काही सांगावयास तोंड उघडले, तोच पुढील गावाचे नाव पुकारले गेले.

नारळ पिशवीत टाकून विमलताई गावात परतल्या आणि त्यांनी एक नियमबाह्य कृत्य केले. पहिली पुडी निघण्यापूर्वीच यंत्र घेऊन त्या घरोघर गेल्या आणि बारा प्रश्न सुनांनाच विचारले. ही पद्धत समितीच्या पद्धतीहून फार संथ. एकेका घरी अर्धा तास गेला. बावीस जणींत हरकत घेण्यासारखे काही आढळले नाही. खुशी नावाची नवी सून तर उलट म्हणाली, "ताई, सप्ताह झाल्यावरबी देजा मले. पन पाकीट माह्या हातात." विमलताईंनी ते वहीत लिहून घेतले. तांबड्या गोळ्यांत काय होणार आहे तेही त्यांनी प्रत्येकीस सांगितले. सुनांनी ऐकून घेतले आणि आपापल्या कामास लागल्या. कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे नसते त्या लोकांस पुढील संकटाची माहिती शांतपणे ऐकण्याची सवय असते.

तेविसाव्या घरी कोकिळेची सासू मथुराबाई अंगणात सप्ताहाचे गहू निवडीत बसली होती. साठीची बाई, आवाजात कोरड, आणि पोळ्यांच्या मांडवाची प्रमुख. तिचे स्वतःचे 'बाहेर बसणे' संपून बारा वर्षे झाली असल्याने समितीच्या लेखी ती एकमेव कायम शुद्ध स्त्री होती. विमलताईंनी सर्व सांगितले. मथुराबाईचे हात थांबले नाहीत.

"लकवा मारतेच काय?" तिने विचारले.

"मारतेच असं नाई. पन जिले तो उजेड दिसते तिले धोका जास्त. म्हनून देतच नाई तिले."

"अन् मारला तं पोया कोन लाटन?"

मथुराबाईने सुपातला खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकला.

"आमच्या घरच्या मानसाले सांगतलं तुम्ही?"

"सांगतलं. टाळ्या वाजल्या."

"वाजतच असतेत." मथुराबाईने सूप खाली ठेवले. "पत्रकावर मले सही नाई येत. अंगठाच हाय."

"मंग?"

"सही असती तं खोटी झाली असती. अंगठ्याले कुठं तोंड हाय?"

पहिल्या पुडीच्या सायंकाळपासून किसनराव देवळातून पुडी आणीत, मथुराबाई ती हाती घेई, कोकिळेस आत बोलावी, आणि दोघी चुलीपुढे बसत. एकवीस पांढऱ्या गोळ्या यथाकाल चुलीने घेतल्या. चुलीस कोणताही दुष्परिणाम झाल्याची नोंद नाही. पत्रकावर एकवीस अंगठे उमटले, आणि गुरुजींनी त्यांवर 'अनुकरणीय' असा शेरा मारला.

सप्ताह बसला. देवळासमोर कथेचा व पंगतीचा मोठा मांडव आणि मागे पत्र्याखाली स्वयंपाकाचा. दोहोंमध्ये चुन्याची रेघ, जी ओलांडून पुरुषांनी आत यावयाचे नाही. पहिल्या दिवशी तांबड्या गोळ्या सुरू झाल्या. ध्वनिक्षेपकावर रोज कथेआधी गुरुजींचे निवेदन होई: आज उपस्थिती अमुक, आज पोळ्या तमुक, आज विटाळ शून्य. पहिल्या दिवशी शून्य होता. दुसऱ्या दिवशी शून्य होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाच्या मांडवात, बटाट्यांच्या पोत्यांत एक पोते जास्तीचे आले. ते विमलताईंनी आणले होते, आणि त्यात बटाटे नव्हते. दुपारपर्यंत तेराजणी पोत्यामागच्या आडोशाला जाऊन आल्या, चौथ्या दिवशी उरलेल्या नऊ. पृथ्वीच्या पाठीवर कोणत्याही देवस्थानास, कोणत्याही काळी, बावीस स्त्रियांचा मासिक धर्म इतक्या अचूकपणे एका पर्वकाळावर आणून बसविता आला असेल, असे वाटत नाही. यामागे नियोजन, शिस्त आणि तक्ता होता.

खुशीने पोळपाटावरून हात उचलला. "काकू, आता बाहेर बसाचं काय आमी?"

मथुराबाईने मांडवभर नजर फिरविली. परातीत दीड मण कणीक भिजलेली होती. पलीकडे हरिनाम चालले होते.

"बावीस जनी बसाले जागा कुठं हाय?" ती म्हणाली. "लाट."

त्यांनी लाटल्या. पोळ्या वेळेवर गेल्या, मोजून एकोणीसशे. कथाकार महाराजांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि व्यासपीठावरून सांगितले की अन्न शिजविणाऱ्या हाताची शुद्धी आपल्याला जिभेवर कळते, तपाने ते येते, आणि इतका सात्त्विक घास आपण बावीस वर्षांत घेतला नाही. आज विटाळ शून्य, असे निवेदन झाले. मांडवामागे कोणीतरी हसले. ते कढईच्या आवाजात गेले.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास कोकिळेने तव्यावरची पोळी तशीच ठेवून डोळ्यांवर हात धरला. धूर, उष्मा आणि पत्र्याची तिरीप यांनी काम केले होते. उजव्या डोळ्यापुढे तो करवतीचा उजेड थरथरू लागला. मदतीस आलेल्या विमलताई कणकेच्या परातीवरून उठून तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिला दोन्ही हात वर करावयास सांगितले. दोन्ही वर गेले. हसावयास सांगितले; ओठ दोन्ही बाजूंनी सारखे वळले. मुलीचे नाव विचारले, तिने स्पष्ट सांगितले. तेव्हा कोठे विमलताईंनी श्वास सोडला. ही नेहमीचीच डोकेदुखी होती. चुलीत गेलेल्या त्या एकवीस पुड्या पोटात गेल्या असत्या, तर त्यांना इतक्यावर श्वास सोडता आला नसता, आणि सगळ्यात जवळची ॲम्ब्युलन्स कळंबहून यावयाची होती. त्यांनी कोकिळेस कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, पदराने डोळे झाकून बसविले.

नेमके त्याच वेळी गुरुजी दैनंदिन तपासणीस चुन्याच्या रेघेपर्यंत आले. तेवीस सुनांपैकी बावीस पोळपाटापाशी आहेत आणि एक बाजूस, कोणास न शिवता, तोंड झाकून बसली आहे, हे त्यांनी पाहिले. अडतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसास यापुढे काही विचारावे लागत नाही. त्यांनी किसनरावांना बोलावून आणले.

अध्यक्षांचा चेहरा पाहवत नव्हता. "कोकिळे," ते रेघेपलीकडून म्हणाले, "तूच काहून?"

कोकिळेने पदर थोडा बाजूस केला. मांडवात लाटण्यांचा आवाज थांबला होता. आपल्याला काहीही झालेले नाही, एवढे चार शब्द तिला पुरले असते. तिने ते उच्चारले असते तर ते सिद्ध करावे लागले असते, आणि सिद्ध करताना बावीस जणींकडे पाहावे लागले असते. त्या मांडवात त्या घटकेस, समितीच्या व्याख्येने, जिला हात लावता येईल अशी सून ती एकटीच होती.

"जातो, बाबा," ती म्हणाली.

विमलताई बोलावयास पुढे झाल्या, तोच मथुराबाईच्या कणकेने भरलेल्या हाताने त्यांचे मनगट धरले. "जाऊ द्या तिले," ती हलकेच म्हणाली. "घरी अंधार हाय. तिले अंधारच पाह्यजे आता."

ते खरे होते. घरी मधल्या खोलीत खिडकी लावून कोकिळा दिवेलागणीपर्यंत निजली, आणि उठली तेव्हा डोके उतरले होते. दोन्ही हातांनी तिने मुलीची वेणी घातली.

इकडे ती बसली होती ती जागा गोमूत्राने शुद्ध करण्यात आली, आणि खबरदारी म्हणून बावीस जणींनी लाटलेल्या पोळ्यांच्या टोपल्यांवरही दोन थेंब शिंपडण्यात आले. काल्यानंतरच्या सभेत बावीस सुनांना प्रत्येकी एक साडीची घडी आणि 'शुद्धिव्रती' असे प्रशस्तिपत्र मिळाले. गुरुजींनी अहवाल वाचला: योजनेचे यश ९५.६५ टक्के; उरलेले ४.३५ टक्के अपयश हे पाकिटातील दोषामुळे की सुनेतील दोषामुळे, याची चौकशी चालू आहे. किसनरावांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा पुढे केला, तो कोणी घेतला नाही. राळेगाव आणि आर्णीकडील तीन गावांची शिष्टमंडळे तक्ता पाहून गेली आहेत. एका गावाने तो पाच रंगांत करण्याचे ठरविले आहे. खुशी मात्र आपले पाकीट आता स्वतः उपकेंद्रातून आणते आणि आपल्या पेटीत ठेवते, असे ऐकिवात आहे. त्याची समितीकडे नोंद नाही.

एवढ्यावर अहवाल संपतो. त्यात नसलेली एक गोष्ट तेवढी सांगावयाची राहिली. स्वयंपाकाच्या मांडवातून घराकडे जाण्यास मोठ्या मांडवातूनच वाट होती, आणि पाचव्या दिवसाची पहिली पंगत त्या वेळी बसलेली होती. कोकिळा उजेड सोसत नसल्याने डोळ्यांवर पदर ओढून, चाचपडत, दोन ओळींमधून निघाली. बातमी तिच्या पुढे गेली होती. दोन्ही बाजूंस बसलेल्या मंडळींनी, तिचा पदर आपल्या पानास लागू नये म्हणून, गुडघे आवरून घेतले. वाचकहो, त्या पंगतीत आपण होता. निंबधऱ्यास नसाल, तर दुसऱ्या कोठल्या गावी, दुसऱ्या कोणाच्या कार्यास होता. आपणही गुडघे आवरून घेतलेत. ती पुढे गेल्यावर मान वळवून एकवार पाहिलेत. आणि मग वाढणाऱ्यास हाक मारून, मऊ पाहून, आणखी एक पोळी मागितलीत.